डांबरगोळ्यांची नोंदवही: मे ते ऑक्टोबर

१४ मे, शिरोडा-वेळागर

पहाटे साडेपाचला निघालो, उजाडताना किनाऱ्यावर. इथले डांबरगोळे कुठल्या तेलाचे, ते प्रयोगशाळेत शोधायचंय. कालच्या भरतीची रेषा सुरूच्या काड्यांनी आखल्यासारखी दिसत होती आणि डांबरगोळे (समुद्रातल्या तेलाचे वाहून आलेले काळे गोळे) नेमके त्याच रेषेत. बहुतेक वाटाण्यापासून रातांब्याएवढे. एक मात्र सोललेल्या नारळाएवढा, वरून मऊ आणि वाळूने मढलेला. तो अख्खा उचलला, फॉइलमध्ये गुंडाळला, बर्फाच्या पेटीत सर्वांत तळाशी ठेवला. कोड शि-०७.

भरतीरेषेवर ५० मीटर अंतर आखून दर १० मीटरवर एक चौकोन घेतला. चिमटा प्रत्येक वेळी डायक्लोरोमिथेन या विद्रावकाने पुसायचा. हे काम ज्युनिअरकडे दिलं. तिने दोनदा विचारलं की एवढं कशाला, डांबराला डांबर लागलं तर काय बिघडलं? या प्रश्नाचं उत्तर तोंडी देऊन पटत नाही, पहिला ब्लँक (नमुन्याशिवायची चाचणी) बिघडला की आपोआप पटतं.

शि-०७ च्या एका अंगाला देठ असलेले बार्नॅकल चिकटलेत, सात-आठ, करंगळीच्या नखाएवढे. हे प्राणी तरंगत्या वस्तूवरच बसतात. म्हणजे हा गोळा काल-परवा सांडलेला नव्हे, बरेच दिवस समुद्रात फिरून आलाय. रासायनिक विश्लेषणाआधीच मिळालेला हा पहिला पुरावा. फोटो काढले, बार्नॅकल वेगळ्या बाटलीत अल्कोहोलमध्ये ठेवले.

रापणीची माणसं जाळं ओढून झाल्यावर बघायला आली. त्यांच्यातले तात्या म्हणाले, "ह्या दरवर्सा येता. पावसाच्या तोंडार वारो फिरलो की येता. जाळ्याक लागला काय सुटना नाय." त्यांनी जाळ्याचा एक काळा पडलेला गुंता दाखवला. राकेल लावून पुसावा लागतो म्हणे, आणि राकेलही आता मिळत नाही. तात्यांचं निरीक्षण बरोबर आहे. मेपासून वारं नैर्ऋत्येकडून किनाऱ्याकडे लागतं, किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वळतो, आणि समुद्रात महिनोन्महिने तरंगणारं सगळं कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर येऊन पडतं. निघताना ते एवढंच म्हणाले: "बोटीचा नाव गावला की सांगा."

१६ मे

वजनं, पाणी, वाळू. शि-०७ तूर्त फ्रीझरमध्ये तसाच ठेवलाय. बाकीच्यांतून प्रत्येकी अर्धा ग्रॅम घेऊन डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवला, वाळू गाळली, पाणी निर्जल सोडियम सल्फेटने काढलं. सल्फेट आणि काचसामान आधी ४५० अंशांवर मफल भट्टीत भाजून घेतलं होतं (मापाचे फ्लास्क सोडून, ते भाजले की मापातून जातात).

एका शाळेच्या मुलांनी उत्साहाने गोळा केलेले नमुनेही आले. सगळे झिपच्या प्लास्टिक पिशव्यांत. नको कसं म्हणणार? घेतले, वेगळी नोंद केली.

१७ मे

गच्चीवर ट्रे मांडले. मॅडमच्या ओळखीतून क्रूडची (कच्च्या तेलाची) एक बाटली आली आहे. देणाऱ्याच्या अटीमुळे तिच्यावर फक्त 'क्रूड-३' असा कोड आहे. काचेचे दोन ट्रे, प्रत्येकात दोन लिटर गाळलेलं समुद्राचं पाणी आणि वर २० ग्रॅम तेल. एक उघड्या उन्हात. दुसऱ्यावर फॉइलची छत्री, वारा आत खेळेल इतकी उंच. दोन्हींतून बाष्पीभवन होईल, ऊन मात्र एकालाच लागेल. पाऊस यायला तीन आठवडे आहेत असं गृहीत धरलंय.

तेल ओतल्यावर पहिल्या तासात गच्चीवर पेट्रोल पंपाचा वास होता. संध्याकाळी निम्मा उरला. उद्यापर्यंत जवळजवळ जाईल. दहा-बारा कार्बनपर्यंतचे हलके घटक उघड्यावर दिवसा-दोन दिवसांपेक्षा जास्त टिकत नाहीत. बेंझीन, टोल्युइन सगळी त्यातच.

२० मे

दिवसभर सिलिका जेलचे कॉलम (तेलाचे घटक वेगळे करायच्या नळ्या) भरले. हे काम मला आवडतं. तपकिरी थेंब वर सोडायचा, मग हेक्झेन. खाली उतरतं ते पाण्यासारखं स्वच्छ. यात संपृक्त हायड्रोकार्बन आहेत हे डोळ्यांना पटतच नाही. मग हेक्झेन आणि डायक्लोरोमिथेन निम्मं-निम्मं: आता फिकट पिवळा पट्टा सरकू लागतो, अतिनील दिव्याखाली निळसर चमकतो. हे अरोमॅटिक, म्हणजे बेंझीनसारखी कडी असलेली संयुगं. आणि कॉलमच्या डोक्यावर काळा-तपकिरी थर बसून राहतो, तो काही केल्या हलत नाही. ताज्या क्रूड-३ मध्ये हा थर बोटाच्या पेराएवढा. शिरोड्याच्या गोळ्यात त्याच्या दुप्पट. ज्युनिअरला तो दाखवून म्हटलं, समुद्राने आणि उन्हाने काय केलं ते इथे बघ. हे नंतर मिथेनॉलने धुऊन काढलं, पण जीसीला (गॅस क्रोमॅटोग्राफ, संयुगं वेगळी करून आलेख काढणारं यंत्र) यातलं फारसं काही दिसत नाही. वजन करून ठेवलं.

२२ मे

जीसीचे पहिले रन. ३० मीटरचा कॉलम, हीलियम मिनिटाला १ मिली, ५० अंशांपासून मिनिटाला ६ अंशांनी ३०० पर्यंत, मग वीस मिनिटं तिथेच. एक रन तासाभराच्या वर जातो. त्यामुळे दिवसाला आठ-दहा नमुन्यांच्या पलीकडे होत नाहीत, ब्लँक धरून.

क्रूड-३ ताजं: कंगव्यासारखं. सी-१० पासून सी-३५ पर्यंत (आकडा म्हणजे कार्बनची संख्या) नॉर्मल अल्केनचे दात, डावीकडे उंच, उजवीकडे उतरते. शिरोड्याचा गोळा: डावीकडचे दात सी-१५ पर्यंत साफ पडलेले. मधले आखूड. त्यांच्याखाली फुगलेली बेसलाइन, उपड्या टोपलीसारखी. ही टोपली म्हणजे हजारो संयुगं, कॉलमला एकमेकांपासून वेगळी न करता आलेली. आणि उजवीकडे सी-३० च्या पुढे पुन्हा एक उंचवटा. या दुसऱ्या उंचवट्याने माझे कान टवकारले. क्रूडमधलं मेण टाकीच्या तळाशी आणि भिंतींना बसतं. ते धुतलं की असा मेणाचा वाढीव भार दिसतो. टँकरची टाकी धुतलेलं पाणी? शक्यता. अजून शक्यताच.

शाळेच्या पिशव्यांतल्या नमुन्यांत १४९ या आयनवर (मास स्पेक्ट्रोमीटरमधल्या, त्या वस्तुमानाच्या तुकड्याच्या आलेखावर) दोन देखणी पीकं, म्हणजे सुळके. थॅलेट, थेट प्लास्टिकमधून. ज्युनिअर स्वतःहून म्हणाली, "म्हणून फॉइल." विषय मिटला.

२७ मे

आज १९१ चा आयन उघडला. या एका आयनसाठी सगळा खटाटोप, कारण होपेन नावाचे रेणू इथे दिसतात.

सविस्तर लिहून ठेवते, कारण प्रकल्पात नवीन येणाऱ्याला हे पहिल्या दिवशी कळायला हवं. नॉर्मल अल्केन जिवाणू आधी खातात, कारण ती सरळ साखळी असते. प्रिस्टेन आणि फायटेनला फांद्या असतात, म्हणून ती मागे राहतात. त्यामुळे सी-१७ भागिले प्रिस्टेन, सी-१८ भागिले फायटेन ही गुणोत्तरं खाल्लं जाण्याचं घड्याळ म्हणून चालतात, पण सुरुवातीचे काही आठवडे-महिनेच. नंतर प्रिस्टेनही जातं. होपेन मात्र पाच कड्यांचा सांगाडा आहे. मुळात तो जिवाणूंच्या पेशीपडद्यातला. कोट्यवधी वर्षं खडकात शिजूनही तो टिकलाय, तिथे आपल्या किनाऱ्याची काय कथा! जर्मन रसायनतज्ज्ञ ट्राइब्स यांनी १९३० च्या दशकात तेलात पॉर्फिरिन शोधून त्यांचा धागा हरितद्रव्याशी जोडला, तिथून ही 'रेणूंचे जीवाश्म' वाचण्याची विद्या सुरू झाली. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन व्हाल्डीझ हा टँकर फुटला, त्यानंतरच्या कामात तीस कार्बनचं अल्फा-बीटा होपेन हा मोजमापाचा खुंटा ठरला. बाकी तेल कमी होतं, होपेन तेवढंच राहतं, म्हणून उरलेल्या तेलात त्याचं प्रमाण वाढत जातं. प्रमाण दुप्पट झालं तर निम्मं तेल गेलं. इतकं साधं.

शिरोड्याच्या १९१ मध्ये होपेनच्या जरा आधी एक छोटं, स्पष्ट पीक. ४१२ च्या आयनवर ताडून बघितलं. ओलिअनेन.

ओलिअनेन सपुष्प वनस्पतींकडून येतं. ते तेलात दिसलं तर मूळ खडक क्रिटेशस कालखंडातला किंवा त्यानंतरचा, आणि त्यात जमिनीवरची झाडंझुडपं वाहून आलेली. आखाती देशांचं बहुतांश क्रूड जुन्या समुद्री चुनखडकातलं. त्यात ते सहसा नसतं, उलट २९ कार्बनचं होपेन ३० च्या वर डोकं काढतं आणि गंधक भरपूर असतं. आपल्याकडे तसं काही दिसत नाही. आपल्या समोरून जाणारे बहुतेक टँकर आखातातून येतात, त्यामुळे बोट सहज तिकडे दाखवली जाते. हा गोळा मात्र तिकडचा वाटत नाही. मुंबई हायच्या परिसरातली तेलं आणि आग्नेय आशियातली तेलं, दोन्हींत ओलिअनेन सापडतं. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्याच्या डांबरगोळ्यांवर केलेल्या कामातही हेच दोन पत्ते पुढे आले होते.

५ जून, सागरेश्वर

वेंगुर्ल्याच्या सागरेश्वर किनाऱ्यावर दुसरी खेप. पाऊस सुरू झालाय, त्यामुळे फॉइलवर लेबल चिकटेना. शेवटी पेन्सिलीने कागदावर लिहून बाटलीच्या आत... नाही, बाहेर, रबरबँडखाली. (कागद आत टाकणार होते. कागदाचंही मेण असतं. थकल्यावर असं होतं.) इथले गोळे लहान, कडक, तुकतुकीत. बार्नॅकल नाहीत. कोड सा-०१ ते सा-१२.

११ जून

सागरेश्वरचे रन झाले. ज्युनिअरने तक्ता केला आणि खाली लाल अक्षरात लिहिलं: 'वेगळा स्रोत'. तिचे मुद्दे: सी-१७ भागिले प्रिस्टेन शिरोड्यापेक्षा बरंच कमी. फिनॅन्थ्रीन (तीन कड्यांचं अरोमॅटिक) जवळजवळ नाही. ट्रायअरोमॅटिक स्टेरॉइडचं (तीन अरोमॅटिक कड्यांचा सांगाडा) स्टेरेनशी (होपेनसारखा टिकाऊ रेणू) असलेलं प्रमाण निम्म्याच्या आसपास. तीन पुरावे, तिन्ही एकाच दिशेने.

मी तक्त्यावर सही केली नाही. पहिले दोन पुरावे म्हणजे ऊन, पाणी आणि जिवाणूंनी किती खाल्लं याची मोजणी. तेल कुठलं ते त्यांतून कळत नाही. तिसरा मला अडला. ट्रायअरोमॅटिक टिकाऊ म्हणून ओळखले जातात.

सा-०५ मध्ये सी-२७, सी-२९, सी-३१ ची विषम पीकं सम पीकांपेक्षा उंच. क्षणभर वाटलं काही नवीन. मग बाटली उघडून पाहिली: गोळ्यात सुरूची काडी अडकलेली. पानावरचं मेण. तो नमुना अल्केनपुरता बाद.

१९ जून

रात्रभर मुसळधार. सकाळी गच्चीवर गेले तर उन्हातला ट्रे तुडुंब भरून वाहून गेलेला. तेलाचा तपकिरी फेसाळ पट्टा ट्रेच्या काठावरून उतरून पन्हळीपर्यंत. छत्रीखालचा वाचला. वॉचमनकाकांनी गच्चीवरचा डाग दाखवून जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. बरोबरच होतं त्यांचं. दुपारभर भुसा टाकून, खरडून साफ केलं.

ट्रेमध्ये जे उरलंय ते चिकट चॉकलेटी लगदा झालंय. तेलात पाण्याचे बारीक थेंब अडकले की असं होतं, आणि समुद्रात याच लगद्याचं आकारमान मूळ तेलाच्या तीन-चार पट होऊ शकतं. मुद्दा असा की किती तेल गेलं हे आम्ही ट्रेचं वजन करून काढणार होतो. तो हिशेब आता पन्हळीत गेला.

२० जून

रात्री झोपताना लक्षात आलं, वजनाची गरजच काय! तेल किती सांडून गेलं याने फरक पडत नाही. उरलेल्या तेलाच्या एका ग्रॅममध्ये होपेन किती, एवढंच मोजायचं. पन्हळीतून जे वाहून गेलं त्याच्याबरोबर त्याचं होपेनही गेलं, प्रमाण तसंच राहिलं. समुद्रात नेमकं हेच होतं: किती बॅरल सांडलं, किती वाहून गेलं, कुणालाच ठाऊक नसतं. आमच्या ट्रेने आता खऱ्याखुऱ्या अपघाताची नक्कल केली आहे.

लगद्यातून पाणी काढलं, वजन घेतलं, अँड्रोस्टेन (मोजणीच्या तुलनेसाठी ठराविक मात्रेत घालायचं संयुग) टाकलं, रन लावला. उन्हातल्या ट्रेमध्ये होपेन ताज्या तेलाच्या १.६ पट. म्हणजे उरलं १ भागिले १.६, टक्केवारीत ६२.५. साडेसदतीस टक्के गेलं. छत्रीखालचा १.५ पट. तिथे वजनाचा हिशेब शाबूत होता, तो ताडून पाहिला: दोन्ही आकडे दोन टक्क्यांच्या आत जुळले. आज चहा माझ्याकडून.

२ ते ७ जुलै

वीज. रोज. मास स्पेक्ट्रोमीटरची निर्वात पातळी दोनदा मोडली, दोन्ही वेळा पुन्हा बसायला दीड दिवस. यूपीएसची बॅटरी बदलायचा कागद फेब्रुवारीपासून फिरतोय. नोंद संपली.

९ जुलै

शि-०७ काढला. मेपासून डोक्यात होतं ते आज केलं.

फ्रीझरमधून काढल्या काढल्या, कडक असतानाच, स्वच्छ सुरीने मधोमध कापला. छेद बघून दोघी गप्प. बाहेर दोन-तीन मिलिमीटरची राखाडी-तपकिरी साल, वाळू रुतलेली, बोटाने दाबली तर भुगा होणारी. आत काळाभोर, चकचकीत, आणि खोलीच्या तापमानाला येताच मऊ पडून सुरीला तारा सुटायला लागल्या, गुळाच्या पाकासारख्या. त्याला अजून वास आहे! दोन महिने फ्रीझरमध्ये, त्याआधी देव जाणे किती दिवस समुद्रात, आणि आतून अजून तेलाचा वास.

साल आणि गाभा वेगळे केले, प्रत्येकी तीन नमुने. रात्रीचे रन लावून घरी आले.

१० जुलै

सकाळी सातलाच पोचले. गाभा: सी-१७ भागिले प्रिस्टेन १.१. साल: ०.६. गाभ्यात फिनॅन्थ्रीन आणि त्याची मिथाइल भावंडं दिसतात, सालीत जेमतेम. आणि ट्रायअरोमॅटिक: सालीत गाभ्याच्या निम्म्याहून थोडे जास्त.

होपेन, ओलिअनेन, स्टेरेन यांची आपापसातली गुणोत्तरं दोन्हींकडे एकच.

एकाच गोळ्याची साल आणि गाभा ज्युनिअरच्या तक्त्यात घातले तर निकाल येईल 'वेगळा स्रोत'. तिला काही म्हणावं लागलं नाही. तिने लाल ओळ खोडली, खाली तारीख टाकली. मी म्हटलं, खोडू नकोस, एक आडवी रेघ मार, आधी काय लिहिलं होतं ते दिसलं पाहिजे.

सागरेश्वरचे गोळे लहान आहेत. लहान गोळ्यात साल जास्त, गाभा कमी. एवढ्याने सगळा फरक समजावता येतो का? अजून सांगत नाही, पण दार उघडलं.

२३ जुलै

मॅडमनी विचारलं, क्रूडच कशावरून? जहाजाचं इंधनही असू शकतं. रास्त प्रश्न. आपल्या किनाऱ्याने इंधनतेलाचे अपघातही पाहिलेत: २००६ च्या मे अखेरीस कारवारजवळ खडकावर चढलेलं ओशन सेराया, ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी धडकलेलं एमएससी चित्रा, ४ ऑगस्ट २०११ ला मुंबईसमोर बुडालेलं कोळशाचं जहाज राक. २०२५ च्या मेमध्ये कोचीसमोर एमएससी एल्सा-३ बुडालं, त्याच्या टाक्यांतही फर्नेस ऑइल होतं.

ओळखायची युक्ती १९२ च्या आयनवर आहे. मिथाइल फिनॅन्थ्रीनची चार पीकं दोन जोड्यांत येतात. जड इंधनतेलात रिफायनरीत भंजन झालेला (मोठे रेणू तोडलेला) माल मिसळलेला असतो, त्यामुळे या जोड्यांच्या मध्ये मिथाइल अँथ्रासीनचं एक जादा पीक उभं राहतं. कच्च्या तेलात ते नगण्य. सालीत ही संयुगंच उरलेली नाहीत, म्हणून शि-०७ चा गाभा पाहिला. दोन जोड्या, मध्ये सपाट. क्रूड. सागरेश्वरच्या सर्वांत मोठ्या गोळ्याचा गाभा खरवडून काढला (मोठा म्हणजे लिंबाएवढा), तिथेही सपाट.

६ ऑगस्ट

शिरोडा विरुद्ध सागरेश्वर, नीट पद्धतीने. युरोपीय मानक पद्धतीत नियम असा: टिकाऊ गुणोत्तरांची जोडी घ्यायची, दोन आकड्यांतला फरक त्यांच्या सरासरीच्या १४ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ते गुणोत्तर जुळलं. १४ हा आकडा हवेतून आलेला नाही. एकाच नमुन्याच्या पुन्हा पुन्हा मोजणीत पाच टक्के विचलन धरलं आणि ते २.८ ने गुणलं की चौदा येतात.

ओलिअनेन भागिले होपेन: ०.२१ आणि ०.२३. फरक ९ टक्के. जुळलं. होपेन २९ भागिले ३० जुळलं. स्टेरेनची तीन, तिन्ही जुळली. टीएस भागिले टीएम (२७ कार्बनची दोन ट्रिसनॉरहोपेन): ०.९२ आणि १.०७. फरक १५ टक्के. बसलं नाही!

एका टक्क्यासाठी अख्खा निकाल फिरतो. मोह होतो की सोडून द्यावं, बाकी सगळी जुळतायत. सोडलं नाही. पीक मोठं करून पाहिलं: सागरेश्वरच्या रनमध्ये टीएमचं पीक लहान, आणि सॉफ्टवेअरने त्याचा पाया तिरका कापलाय, शेजारच्या खांद्यावर चढून. आपल्याला हवं तसं पीक हाताने कापणं ही या कामातली सर्वांत सोपी लबाडी आहे. म्हणून उलट केलं: दोन्ही नमुने नव्याने काढले, तीन-तीन रन, पाया कापायचा नियम आधी लिहून ठेवला, आणि कापणी ज्युनिअरने केली, कुठला नमुना कुठला हे न सांगता. ०.९५ आणि १.०३. फरक ८ टक्के.

जुने आकडेही वहीत राहतील.

२९ ऑगस्ट

ट्रे उतरवले. १०४ दिवस. उन्हातला ट्रे: होपेन १.८ पट, म्हणजे सुमारे ४४ टक्के तेल गेलं. शेवटच्या दोन महिन्यांत भर फारशी नाही, कारण उडून जाणारं सगळं आधीच उडालं. पण ट्रायअरोमॅटिक उन्हात स्पष्ट घटलेत आणि छत्रीखाली जवळजवळ जसेच्या तसे. पाणी तेच, हवा तीच, जिवाणूही तेच धरू. फरक फक्त उन्हाचा. ११ जूनला अडलेला तिसरा पुरावा इथे सुटला. टिकाऊ आहेत ते जिवाणूंपुढे, उन्हापुढे नव्हेत.

कॉलमच्या डोक्यावरचा काळा थरही उन्हातल्या तेलात वाढलाय. ऑक्सिजन जोडला गेलेली संयुगं. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझनचा स्फोट झाला, त्यानंतर तिथल्या किनाऱ्यांवर मिळालेल्या तेलात अशा ऑक्सिजनयुक्त संयुगांचा वाटा निम्म्याहून जास्त भरला होता, आणि नेहमीच्या जीसीला ती दिसत नव्हती. म्हणजे आपण होपेनवरून 'इतकं तेल गेलं' म्हणतो, तेव्हा त्यातलं काही गेलेलं नसतं, दुसरं काही होऊन तिथेच बसलेलं असतं. आमच्या ४४ टक्क्यांत पन्हळीचा दोष नाही, पण हा दोष आहे. अहवालात तळटीप नको, मुख्य मजकुरातच घालायचं.

१२ सप्टेंबर

अहवाल. एका शब्दावर दोन तास.

मानकात निकालाचे चारच प्रकार: जुळतात, बहुधा जुळतात, सांगता येत नाही, जुळत नाहीत. शिरोडा आणि सागरेश्वर या दोन खेपांसाठी ज्युनिअरला आता 'जुळतात' हवंय (जूनमध्ये तीच 'वेगळा' म्हणत होती, आणि मला तिचं हे आवडतं). मी 'बहुधा' लिहिलं. गुणोत्तरं सगळी १४ च्या आत आहेत, पण एकाच क्षेत्रातल्या शेजारच्या विहिरींची तेलं इतपत जुळू शकतात. बायकॅडिनेन (झाडांच्या राळेतून येणारे रेणू) आणि कार्बन समस्थानिकं अजून मोजायची आहेत. मॅडमनी 'बहुधा' ठेवलं.

ज्या कार्यालयासाठी अहवाल आहे तिथून फोन: "जहाजाचं नाव द्याल ना?" नाही. तुलनेसाठी जहाजाच्या टाकीतला नमुना लागतो, तो आमच्याकडे नाही. शिवाय नियमाने टँकरला किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांपलीकडे, चालत्या स्थितीत, मैलाला ३० लिटरपर्यंत तेल सोडायची मुभा असते. तेव्हा हे धुणं बेकायदा होतं की नव्हतं, हेही गोळा सांगत नाही. पलीकडून शांतता, मग "मग एवढे महिने केलंत काय?"

स्रोताबद्दलचा परिच्छेद असा गेला: कच्चं तेल, इंधनतेल नव्हे. आखाती क्रूडशी विसंगत. मेणाचा दुसरा उंचवटा टाकी धुण्याकडे बोट दाखवतो, सिद्ध करत नाही. मूळ पश्चिम किनाऱ्यालगतचं क्षेत्र की आग्नेय आशिया, हे खुलं.

४ ऑक्टोबर, शिरोडा-वेळागर

पावसाळ्यानंतरची मोजणी. तीच ५० मीटरची रेषा, तेच पाच चौकोन. वरच्या वाळूत एकही गोळा नाही. एका चौकोनात वीतभर खणलं तर काळी, पातळ, तुटक रेघ लागली. नमुना घेतला, शि-३१.

तात्या नवीन जाळं सुकवत होते. जुनं टाकून दिलं म्हणाले. त्यांना अहवालातलं जेवढं मराठीत सांगता येईल तेवढं सांगितलं: कच्चं तेल आहे, बोटीच्या इंजिनाचं नाही, बरेच दिवस फिरून आलंय, बहुधा दोन्ही किनाऱ्यांवरचं एकच. त्यांनी नीट ऐकलं.

"म्हंजे नाव गावला नाय."

"नाही."

"मे म्हयन्यात परत येतलात मा?" म्हणाले आणि माझ्या चपलेच्या तळव्याकडे बोट केलं. खणताना तिथे लागलं होतं. त्यांच्या बायकोने आतून खोबरेल तेलाची बाटली आणून दिली.